चौथीच्या बाई

स्वप्ना खुर्चीतून उठली, टेबलाला वळसा घालून पुढे आली आणि दारातून आत येणाऱ्या बाईंच्या पायांशी वाकली. बोटं चपलेच्या पट्ट्याला लागली, तोंडातून “बाई” हा शब्दही निघाला. मग तिने मान वर केली. समोर उभी असलेली बाई तिने जन्मात कधी पाहिली नव्हती.

“अगं, असू दे, असू दे,” ती बाई संकोचून म्हणाली. “कार्यालयात कोणी पाया पडतं का!”

तिच्या मागे कारकून धर्मेंद्र कौतुकाने हसत उभा होता. त्याच्या हातात नाश्त्याच्या गरम लोचोची बशी होती. मॅडमच्या लहानपणच्या टीचर येणार म्हणून त्याने ती सकाळीच सांगून ठेवली होती. त्याने बशी टेबलावर ठेवली, “बेसो ने, बेन,” म्हणत खुर्ची पुढे ओढली आणि दार लोटून गेला.

रुक्मिणी रघुनाथ देवरे यांची पेन्शनची फाइल आठवड्याच्या सुरुवातीला शिक्षणखात्याच्या कार्यालयात स्वप्नाच्या टेबलावर आली होती. रेल्वे फाटकापलीकडच्या मराठी शाळेचं नाव वाचताच तिने ती गठ्ठ्यातून बाजूला काढली होती. सलग सेवेच्या दाखल्यावर तिचीच सही लागायची. ती सही बाईंच्या समोर करावी, त्यांना दाखवावी की तुमच्या चौथीतली तायडेंची पोरगी आज या खुर्चीवर बसते, असं तिच्या मनात होतं. म्हणून तिने मुद्दाम निरोप धाडून बोलावून घेतलं होतं.

आता ती आपल्या जागी जाऊन बसली. फाइल उघडली. फोटोतला चेहरा समोरच्या चेहऱ्याशी तंतोतंत जुळत होता.

“तुम्ही फाटकाजवळच्या शाळेत चौथीला होतात ना?” तिने विचारलं. “प्लेगच्या साली?”

“हो ना. पहिली नेमणूक तिथलीच. सगळी नोकरी त्याच शाळेत गेली.”

“मी त्या वर्गात होते.”

रुक्मिणीबाईंनी चष्मा काढला. पदराचं टोक घेऊन एक काच पुसली, मग दुसरी.

“इतकी मुलं हाताखालून जातात. चेहरे कुठे लक्षात राहतात?”

“मुलांचे नाही राहत,” स्वप्ना म्हणाली.

पंख्याखाली कागद फडफडत होते. फाइलमध्ये एक जुनं मानपत्र लावलेलं होतं. प्लेगच्या साथीत शहर सोडून गेलेल्या कुटुंबांतली मुलं घरोघर फिरून शाळेत परत आणल्याबद्दल श्रीमती देवरे यांचा गौरव. स्वप्नाने त्यावर हात ठेवला.

“तुम्ही रेल्वेच्या चाळीत आला होतात. आमच्या घरी.”

“कुठली चाळ?” रुक्मिणीबाई पटकन बोलून गेल्या.

बशीतला लोचो निवत चालला होता. शेवटी त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि आवाज खाली आणला.

“हे बघ पोरी, माझे यजमान तेव्हा बडोद्याला होते. धंदा नवा, मुलं लहान. सुरुवातीची काही वर्षं मला नाही जमलं. पण वर्ग कधी रिकामा ठेवला नाही मी. आणि नंतरची वीसेक वर्षं मीच शिकवलंय. कोणालाही विचार.”

“मग तेव्हा वर्गात कोण होतं?”

“शोभा. तुझी बाई.” त्यांनी पर्स खांद्याला लावली. उठताना टेबलाच्या कडेवर तळवा टेकला. “फाइल अडली तर तिचं नाव आधी निघेल. हजेरीवर माझ्या नावाची सही ती करायची, मी नाही. उतारवयात तिला कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावू नकोस. एवढंच सांगते.”

त्या गेल्यावर स्वप्ना टोपण काढलेलं पेन हातात धरून बसून राहिली. शोभा. हे नाव तिने पहिल्यांदाच ऐकलं होतं.

तिच्या आठवणीतल्या बाई उंच, सावळ्या होत्या आणि त्यांचा आवाज खणखणीत होता. तसा तो असावाच लागे. शाळेच्या भिंतीला लागून लूमचा कारखाना होता आणि दिवसभर त्याची खटाखट चालू असे. दुसरे शिक्षक त्या आवाजावर वैतागायचे. बाईंनी त्याच तालावर पाढे बसवले होते. लूम बंद असली की पोरांचे पाढे अडखळत.

मुलं सगळी कामगारांची. कोणाचा बाप डाइंगला, कोणाचा लूमवर, कोणाची आई घरी बसून साड्यांवरचे धागे कापणारी. पोरांच्या केसांत सुताचा भुसा असायचा. प्रार्थना संपली की बाई एकेकाला जवळ घेऊन तो वेचून काढत. स्वप्नाला ते हात अजून आठवत होते. नखं बारीक कापलेली, बोटांना खडूचा वास.

आणि शाळेची गच्ची. भूगोलाचा तास बाई गच्चीवर घेत. चौथीची पोरं कठड्याला टेकून उभी राहायची आणि बाई हात लांब करून दाखवायच्या. तिकडे उगवती, तिकडे भुसावळ, जळगाव, शिरपूर. तुमच्या गावांवरून तापी निघाली, ती ही बघा, तुमच्या मागोमाग इथवर आली. कोणी तुम्हाला बाहेरचे म्हणालं तर सांगा, नदी आमच्या गावची आहे. त्या दिवशी घरी गेल्यावर स्वप्नाने माठातलं पाणी पेल्यात घेऊन बराच वेळ निरखलं होतं.

संध्याकाळी उधन्याच्या घरी आई, सोनाबाई, ओट्यावर बसून मेथी निवडत होती. स्वप्ना चपला न काढताच तिच्यासमोर बसली.

“आई, शोभाबाई कोण?”

सोनाबाईचे हात थांबले नाहीत. “कोणी सांगितलं तुला?”

“म्हणजे तुला माहीत होतं.”

“सगळ्या मोठ्या माणसांना माहीत होतं. तुझ्या बाबांनाही. हेडमास्तरच सामील होता, मग आम्ही कोणाकडे जाणार?” तिने एक काडी मोडून बाजूला टाकली. “आणि जायचं तरी कशाला? ती रोज यायची. वेळेवर यायची. जिची नोकरी होती ती आली असती, तर कशी निघाली असती कोण जाणे.”

“पण ते खोटं होतं ना, आई?”

“होतं की.” सोनाबाईने पुढची जुडी ओढली. “प्लेगच्या वेळी आपण गावाला पळालो. परत आल्यावर तुझे बाबा म्हणाले, आता पोरीला शाळा नको, आईच्या हाताखाली धागे कापायला बसू दे. तेव्हा ती दारात उभी राहिली. अख्खी वस्ती ओस, गटारीवर पांढरी पावडर, आणि ही बाई तोंडाला रुमाल बांधून दारोदार. बाबा म्हणाले, बाई, आमच्यात चहा घ्याल? ती म्हणाली, भगवंतदादा, पोरीला पाठवणार असाल तर जेवून जाते. जेवली. उडदाची भाकर आणि ठेचा. हे खोटं कसं म्हणू मी?”

स्वप्नाने खाली बसल्या बसल्या चपला काढल्या आणि हातात धरून ठेवल्या.

“कुठे राहतात त्या?”

“डिंडोलीला. मुलगा पलसाण्याला डाइंगमध्ये आहे. नवरा चिंधाभाऊ गेला मागेच.”

रविवारी दुपारी ती डिंडोलीला गेली. एकाला एक चिकटलेली दोन मजली घरं, खाली पिठाची गिरणी, वर जाणारा लोखंडी जिना. जिन्याच्या वरच्या टोकाला खाट टाकून त्यावर उडदाचे पापड वाळत घातले होते. दार उघडंच होतं.

“कोन शे?” आतून आवाज आला. तोच आवाज. वयाने त्याची धार थोडी बोथट झाली होती, पण लूमवर मात करण्याची सवय गेली नव्हती.

“मी, बाई. स्वप्ना. तायडेंची.”

बाई दारात आल्या. केस पांढरे झाले होते, पाठ थोडी वाकली होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, हनुवटी धरून तिचा चेहरा उजेडाकडे वळवला.

“सोनाबाईची. रेल्वेच्या चाळीतली. ‘ळ’ म्हणता यायचा नाही तुला.”

स्वप्ना हसायला गेली आणि डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी ते न पाहिल्यासारखं करून तिला आत नेलं. सून धनश्री स्वयंपाकघरात होती. तिला त्यांनी चहा टाकायला सांगितला. भिंतीवर चिंधाभाऊंचा फोटो, टीव्ही, नातवाचं दप्तर. शाळेची खूण म्हणावी असं घरात काही नव्हतं.

थोडा वेळ दोघी जुन्या गोष्टी बोलल्या. कोण कुठे आहे, कोणाचं लग्न झालं. वर्गातल्या वाल्मिकने एम्ब्रॉयडरीचं युनिट टाकलं, हे स्वप्नाने सांगितलं तेव्हा बाई म्हणाल्या, “भागाकारात कच्चा होता तो. आता हिशेबाला माणूस ठेवला असेल.” चहा आला. कप अर्धा झाल्यावर स्वप्नाने तो खाली ठेवला.

“बाई, रुक्मिणीबाई माझ्याकडे आल्या होत्या.”

शोभाबाईंनी सुनेकडे पाहिलं. धनश्री आत गेली.

“बोलली ती? मीच शिकवायचे म्हणून?”

“हो.”

“आम्ही दोघी धुळ्याला अध्यापक विद्यालयात एका बाकावर बसायचो. मार्क मला जास्त होते, नेमणूक तिची झाली. कशी झाली ते मी विचारलं नाही. पुढे तीच घरी आली. म्हणाली, माझ्या जागी जाशील का?” बाईंनी कपातला शेवटचा घोट बशीत ओतला. “तिला नोकरी हवी होती. मला वर्ग.”

“आणि मग?”

“मग एका जूनमध्ये तिच्या यजमानांचा धंदा बसला. ती परत आली. हेडमास्तरांनी सांगितलं, उद्यापासून येऊ नका. मी तिला वर्ग दाखवला. कोणत्या पोराला लांबचं दिसत नाही, कोण उपाशी येतो, ते सगळं सांगितलं. पोरांना सांगितलं, बाईंची बदली झाली.” त्यांनी बशी तोंडाला लावून खाली ठेवली. “दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून, साडी नेसून तयार झाले. आमच्या ह्यांनी विचारलं, कुठे चाललीस? तेव्हा माझ्या ध्यानात आलं.”

खाली गिरणीचा पट्टा सुरू झाला. जमीन किंचित थरथरली.

स्वप्ना पुढे सरकली. येताना रिक्षात तिने हे वाक्य अनेकदा जुळवलं होतं.

“बाई, मी दाखल्यावर सही करून टाकते. फाइल पुढे जाईल. तुमचं नाव कुठेही येणार नाही. मी येऊ देणार नाही.”

शोभाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. चौथीत कोणी शेजाऱ्याच्या पाटीवरून उत्तर उतरवलं की त्या अशाच पाहायच्या. रागाने नव्हे, वाट बघत.

“तुला माहीत असून सही करशील?”

“तुमच्यासाठी.”

“माझ्यासाठी खोट्या सह्या मी पुष्कळ केल्यात. दररोज सकाळी, तिच्या नावाच्या.” त्यांनी बशी कपाखाली सारली. “करू नको सही.”

“बाई, केस होईल. तुमच्यावरही होईल. पोलीस येऊ शकतात.”

“येऊ दे.”

तेवढ्यात जिना वाजला. त्यांचा मुलगा योगराज पाळी संपवून आला होता. मनगटापर्यंत निळा रंग होता. थोडं ऐकूनच त्याच्या ध्यानात सगळं आलं, कारण ही गोष्ट तो लहानपणापासून जाणून होता.

“मॅडम, आईला काय कळतं?” तो उभ्यानेच म्हणाला. “जिने वर्षानुवर्षं पगार खाल्ला ती सुटेल, वकील करेल. अंदर जाईल ती हीच. सोसायटीत तोंड कसं दाखवायचं आम्ही? तुम्ही हिच्याच हाताखाली शिकलात ना? मग एवढं करा. सही करा आणि विसरा.”

“योगराज,” शोभाबाई म्हणाल्या, “हात धू.”

“आई, मी काय बोलतो शे...”

“माले समजस. हात धू आधी.”

तो मोरीकडे गेला. पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. बाई स्वप्नाला पोचवायला जिन्यापर्यंत आल्या. पापड एकेक करून उलटताना, तिच्याकडे न बघता त्या म्हणाल्या,

“गेल्या दिवाळीत बाजारात एक माणूस भेटला. टक्कल पडलेला, मोठा. भर रस्त्यात पाया पडला माझ्या. रुक्मिणीबाई, रुक्मिणीबाई म्हणत होता. नातू सोबत होता. घरी येईपर्यंत विचारत होता, आजी, त्याने तुला असं का म्हटलं?”

“तुम्ही काय सांगितलं?”

“माणूस चुकला म्हणून सांगितलं.”

सोमवारी स्वप्नाने सही केली नाही. ती फाइल घेऊन वरिष्ठ अधिकारी चंचलबेन यांच्या खोलीत गेली. चंचलबेन निवृत्तीला आलेल्या, शांत स्वभावाच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि गुजरातीतच विचारलं की हे सांगणारा साक्षीदार कोण आहे.

“हुं, मीच,” स्वप्ना म्हणाली. “मी त्या वर्गात होते. म्हणून ही फाइल माझ्याकडे राहू नये. चौकशी दुसऱ्या कोणाकडे द्या. माझी साक्ष घ्या.”

चंचलबेननी पेन खाली ठेवलं. “तारा टीचर पण फसाशे, बेन. खबर छे ने?”

“खबर छे.” बाईही अडकणार, हे तिला माहीत होतं.

त्या दुपारी तिने धर्मेंद्रला पाणी आणायला सांगितलं आणि तो येईपर्यंत खिडकीशी उभी राहिली. इतक्या वर्षांत कोणाच्या तरी चुकीच्या हजेरीवर, रजेवर, बिलावर तिने कितीदा निःशंकपणे लाल शेरा मारला होता. आज ते लाल पेन तिने खणातून बाहेर काढलं नव्हतं.

चौकशी पावसाळाभर चालली. स्वप्नाची साक्ष झाली. आणखी काही जणांना बोलावलं गेलं. वाल्मिक आपलं युनिट अर्धा दिवस बंद ठेवून आला आणि बाहेर आल्यावर पायऱ्यांवरच बसून राहिला. “मी बाईंच्या बाजूने बोललो की विरुद्ध, तेच कळलं नाही गं,” तो म्हणाला. रुक्मिणीबाईंची पेन्शन थांबली. त्या बडोद्याला मुलाकडे राहायला गेल्या. त्याआधी एकदा कार्यालयाच्या बोळात त्या समोरून आल्या तेव्हा स्वप्नाने नजर चुकवली नाही, बाजूला होऊन वाट दिली. त्या एकदम थकलेल्या दिसत होत्या, आणि त्यांच्या हाताखालूनही वीस वर्षं मुलं गेली होती, हे ती विसरू शकत नव्हती.

सोनाबाईने मात्र काही दिवस तिच्याशी बोलणं तोडलं. ताट वाढायची, समोर ठेवायची आणि आत निघून जायची. एकदा फक्त म्हणाली, “तुझे बाबा असते तर त्यांना जड गेलं असतं.”

दसऱ्याच्या सुमारास योगराजचा फोन आला. आईच्या नावाने नोटीस आली आहे. गुजराती त्याला वाचता येत होतं, पण आईला ती वाचून दाखवायला तो तयार नव्हता. मॅडम येतील का? स्वप्नाची साक्ष आटोपली होती. आता जायला हरकत नव्हती.

ती पोचली तेव्हा शोभाबाई खाटेवर बसल्या होत्या, इस्त्रीची सुती साडी नेसून. कोणी पाहुणे यायचे असावेत तशा. योगराज भिंतीला टेकून उभा होता. त्याने कागद पुढे केला.

“मराठीत सांग,” बाई म्हणाल्या. “सगळं सांग. काही गाळू नको.”

स्वप्ना वाचत गेली आणि सांगत गेली. संदर्भ, कलमं, मुदत. हजेरीवर सही करणारी शोभा चिंधा बोरसे, राहणार डिंडोली, हिच्यावर तोतयेगिरीचा आरोप ठेवण्यात येत आहे. योगराजने मान खाली घातली. स्वप्नाचा आवाज बारीक झाला होता. तिने ओठ ओले केले आणि पुढचा परिच्छेद धरला.

“सदर शोभा चिंधा बोरसे हिने, शासनाची कोणतीही नेमणूक नसताना, उपरोक्त शाळेत इयत्ता चौथीच्या वर्गास सलग अकरा वर्षे प्रत्यक्ष...” ती थांबली. “शिकवलं, असं लिहिलंय.”

“गुजरातीत कोणता शब्द आहे?”

“शिक्षणकार्य. शिक्षणकार्य कर्युं.”

“शिक्षणकार्य,” बाई हळूच म्हणाल्या.

मग त्या सावरून बसल्या. पदर खांद्यावर नीट घेतला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली.

“धनश्री, अय धनश्री. गॅस बंद कर अन् आठे ये. बठ.”

धनश्री हात पुसत आली आणि सासूशेजारी टेकली. योगराज खिडकीबाहेर बघत होता. शोभाबाईंनी स्वप्नाला खुणेनेच सांगितलं.

“तेवढंच पुन्हा वाच. नावापासून. जरा मोठ्याने.”